खालाची वरची गॅलरी

खालाच्या लॉजात पुरुषांसाठी जिना पहिल्या पायरीपाशीच संपत असे. वरचा मजला बायकांचा. नवरा असो, भाऊ असो, वकील असो नाहीतर मोठा साहेब, त्यानं खाली उभं राहायचं, खालाला निरोप सांगायचा आणि वरून उत्तर येईपर्यंत अंगणातल्या बाकावर बसायचं. स्वतःच्या मुलाला, इरफानलाही तिनं यात सूट दिली नव्हती. वरचा नळ गळायला लागला की ती आधी सगळ्या बायकांना खाली आणून बसवायची, मग प्लंबर वर जायचा, आणि त्याचं काम होईपर्यंत खाला त्याच्या डोक्यावर उभी असायची.

पाटीवर लॉजाचं काहीतरी भारदस्त नाव रंगवलेलं होतं, पण बुलढाण्यात ते कोणी घेत नसे. एसटी स्टँडवरच्या रिक्षावाल्याला 'खालाचा लॉज' म्हटलं की पुरे; खाला म्हणजे मावशी, सगळं गाव तिला तेच म्हणायचं. कोर्टाच्या तारखेला, कलेक्टर कचेरीत अर्ज द्यायला, दवाखान्यातल्या माणसापाशी थांबायला गावोगावच्या बाया यायच्या आणि परतीची बस चुकली की खालाकडे यायच्या. एकट्या बाईला खोली द्यायची म्हटलं की बाकीचे लॉजवाले मागेपुढे पाहत. नावगाव विचारून झालं तरी त्यांचे प्रश्न संपत नसत. खाला नाव लिहून घ्यायची आणि एवढंच विचारायची, "जेवली काय?"

उंच, काटकुळी, साठीपुढची बाई. कडक इस्त्रीचा पांढरा दुपट्टा, दोऱ्यानं बांधलेली चष्म्याची काडी, आणि आवाज असा की अंगणातून हाक मारली तर वरच्या कोपऱ्यातल्या बाईनं ताट सोडून उठावं. नवरा गेल्यावर तिनं लॉज स्वतः चालवायला घेतला तेव्हा नातेवाइकांनी बराच गहजब केला म्हणे. तिनं कोणाशी वाद घातला नाही, सरळ गल्ल्यावर जाऊन बसली. घरात ती दखनी उर्दू बोलायची, आमच्याशी वऱ्हाडी, आणि रागावली की दोन्ही एकदम.

मी तिथं राहायला गेले ते बोंडअळीच्या वर्षी. कपाशीवरच्या किडींच्या पाहणीचं माझं काम होतं, आणि मी मूळची साताऱ्याकडची. दिवसभर शेतांतून हिंडायचं, बोंडं फोडायची, आत अळी आहे का ते बघायचं. बीटी बियाण्याला ही अळी लागत नाही असं ज्यांना सांगितलं होतं ते शेतकरी माझ्या हातातल्या फोडलेल्या बोंडाकडे बघत उभे राहायचे, आणि मला त्यांच्याकडे बघवत नसे. संध्याकाळी पिशवीभर बोंडं घेऊन परत आले की खाला ती पिशवी वर नेऊ द्यायची नाही. "अळ्या खालीच ठेवा. त्याइले वर परवानगी नाई," म्हणायची. माझ्या बोलण्याची तिला फार गंमत वाटे. "म्याडम, तुमी बोलता तं वाटते रेडिओ लागला," असं म्हणून ती मला मुद्दाम काहीतरी विचारायची आणि मी उत्तर देताना डोळे मिटून ऐकायची.

जिन्याच्या नियमापायी तिनं भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं. एकदा एक नवा फौजदार आला आणि वरच्या खोल्या तपासतो म्हणाला. खालानं खुर्ची आणली, जिन्याच्या तोंडाशी आडवी ठेवली आणि स्वतःच तीवर बसली. "तपासा साहेब, तुमचा हक हाय. लेडी पोलीस येऊ द्या, मंग तपासा. तवरोक चा घ्या." फौजदार लाल झाला. पण शिपाई त्याच्या कानाशी लागून काहीतरी बोलला, आणि साहेबांनी चहा घेतला. लेडी कॉन्स्टेबल बंदोबस्तावरून यायला दुपार झाली. पुढे त्याच फौजदाराची आई डोळ्याच्या ऑपरेशनला आली तेव्हा त्यानं तिला खालाकडेच उतरवलं.

दुसरी गोष्ट दोघी जावांची. दोघी एकाच वाटणीच्या दाव्यात, एकमेकींच्या विरुद्ध. दोघी एकाच दिवशी आल्या आणि शेजारशेजारच्या खोल्यांत राहिल्या. खालाला सगळं ठाऊक होतं, पण तिनं हिला तिचं सांगितलं नाही की तिला हिचं. सकाळी दोघींची नळावर गाठ पडली आणि अख्खी गॅलरी गोळा झाली. थोड्या वेळानं दोघी मिळून खालावर तुटून पडल्या, सांगितलं का नाही म्हणून. खाला म्हणाली, "तिनं विचारलं असतं तं तुही गोष्ट सांगू काय तिले? मंग तिची तुले काऊन सांगू?" त्या दिवशी कोर्टात दोघी एकाच रिक्षानं गेल्या.

आणखी एका माणसाबद्दल सांगायला हवं. रामदास. खालाच्या नवऱ्याच्या वेळचा गडी, तिला भाबी म्हणायचा. खालाचा स्वयंपाक मागच्या घरात व्हायचा, आणि वरच्या बायकांचा पुढच्या पडवीत रामदासच्या चुलीवर. चहाची किटली तो हात लांबवून जिन्यावर ठेवायचा आणि झाकण वाजवायचा. वरच्या मजल्याशी त्याचा संबंध एवढाच. इतकी वर्षं त्या घरात काढून त्यानं वरची गॅलरी पाहिलेली नव्हती.

दिवाळीच्या सुमारास एका दुपारी खालच्या पुरुषांच्या खोलीतला एक गिऱ्हाईक दारूच्या नशेत वर चढला आणि त्यानं एका मुलीचं दार ढकललं. खाला नमाजाला बसली होती, रामदास बाजारात. मुलगी ओरडली, मी धावले, माणूस घाबरून खाली पळाला. कोणाला काही इजा झाली नाही. पण खाला त्या दिवशी जेवली नाही. "माह्या घरात झालं हे," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

इरफाननं कॅमेऱ्याचं काढलं. बाजारात त्याचं मोबाइलचं दुकान होतं आणि कॅमेरे बसवणारा एक पोरगा त्याच्या ओळखीचा होता. इरफान म्हणाला, दारात बसवू. खाला म्हणाली, "दारात नाई. येनाऱ्या-जानाऱ्याचा फोटू काढाचा काय? पाहुना हाय तो, चोर हाय काय? वर बसव. वर कोनी चढलं तं मले दिसलं पायजे." आईपुढे इरफानचं कधी चाललं नव्हतं, तेव्हाही चाललं नाही. आम्हा सगळ्यांना अंगणात बसवून त्या पोरानं वर कॅमेरा लावला. जिन्याच्या टोकाला, भिंतीवर उंच. तिथून सबंध गॅलरी दिसायची: खोल्यांची दारं, कठडा, नळ, कपडे वाळत घालायची दोरी. बायका तिथं बसून केस विंचरायच्या, लेकरं पाजायच्या, पदर सोडून वाऱ्याला बसायच्या. आज लिहितानाही मला याचं आश्चर्य वाटतं की आमच्यापैकी एकीच्याही मनात शंका आली नाही. खालानं बसवलाय ना, मग झालं.

कॅमेऱ्याचा टीव्ही खालाच्या खोलीत होता. ती त्यावर कशिदा काढलेलं एक कापड टाकून ठेवायची आणि वर पावलांचा आवाज आला तरच उचलून बघायची. इरफाननं एकदा ते काढलं तर त्याला ओरडली. "बायामान्साइचं दिसते त्याच्यात. झाकेल राहू दे." कापड टाकलं की डोळा मिटला, अशी तिची पक्की समजूत होती.

दिवाळीला दोनेक महिने होत आले आणि थंडी चांगली पडली, त्या सुमारास संगीता आली.

नांदुरा तालुक्यातल्या एका खेड्यातली बाई. आदल्या वर्षी हंगामाआधी एका बियाणेवाल्याच्या गोदामात मजुरीला जायची. तिथं साधी सरकी रंगात घोळून नावाजलेल्या बियाण्याच्या पाकिटांत भरली जायची, आणि ती भरणाऱ्या बायकांत संगीता होती. तळहाताचा रंग आठ-आठ दिवस जात नसे, असं तिनं मला सांगितलं. तेच बियाणं तिच्या गावानं पेरलं. पऱ्हाटी उभी राहिली, बोंडं धरली, आणि आतून सगळी पोखरलेली निघाली. गावानं केस केली. गोदामातल्या बाकीच्या बायकांना काहीच आठवत नव्हतं. एक आठवणारा हमाल होता, त्याला तारखेच्या सकाळी कोणीतरी जीपमध्ये बसवून फिरवून आणलं आणि कोर्टात त्यालाही आठवेनासं झालं. आता राहिली संगीता. सोमवारी ती उभी राहून बोलली तरच केस पुढे जाणार होती, आणि म्हणून गावाच्या वकिलांनी तिला शनिवारीच गुपचूप बुलढाण्याला आणून खालाच्या हवाली केलं होतं.

खालानं तिला विचारलं, "जेवली काय?" आणि जिन्याजवळची खोली दिली.

संध्याकाळी संगीताचा फोन वाजला. तिनं तो स्पीकरवर घेतला, तिला तशीच सवय होती. पलीकडचा माणूस अगदी घरच्यासारखा बोलला. "पोचली काय बाई? जिन्याजवयची खोली भेटली तुले. न्हानी लांब पडन." संगीतानं फोन खाली ठेवला. ती इथं आहे हे तिच्या आईला आणि वकिलांना सोडून कोणाला माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी पुन्हा फोन. "केस धुतले काय? थंडीचं असं वल्ल्या केसानं बसू नोको. पोरगी हाय ना तुही मायजवळ? तिच्यासाठी तरी तब्येत सांभाय." आवाज तोच, तितकाच मायेचा. संगीता खोलीत गेली आणि पिशवी भरायला लागली. मी परत जाते म्हणाली, मला नाही बोलायचं कोर्टात.

खाला दारात उभी राहिली. "सोमवारचं तू पाह्य. पन माह्या घरातून कोन बोलून राह्यलं, ते मले पाहू दे."

खाली कोण होतं? रामदास. किटली ठेवताना वरचं सगळं बोलणं त्याच्या कानावर जायचं. खालानं त्याला अंगणात बोलावलं आणि विचारलं. मी कठड्याशी होते, मला सगळं दिसत होतं. तिनं आवाज चढवला नाही. "रामदास, तू कोनाले काही बोलला काय?" इतकंच म्हणाली. रामदासनं कमरेला लावलेली लॉजाची किल्ली काढली, बाकावर ठेवली आणि पडवीत जाऊन चुलीकडे तोंड करून बसला. चहा आला, जेवण आलं, पण झाकण वाजलं नाही. खालानंही दिवसभर त्याच्याकडे पाहिलं नाही. असा दिवस त्या घरानं पूर्वी पाहिला नसावा.

दुपारी आम्ही तिघी गॅलरीत होतो. जिन्याच्या टोकाला भिंतीला लागून एक जुनी लोखंडी पेटी होती, तिच्यावर खाला आणि मी बसलो होतो. समोर थोड्या अंतरावर खुर्चीत संगीता. जावं की राहावं, हेच चाललं होतं. खाला तिला राहा म्हणत नव्हती आणि जा असंही म्हणत नव्हती. तेवढ्यात फोन वाजला.

"एकटीच काऊन बसली वं?" तो माणूस म्हणाला. "कोनीच नाई तुह्याजवय? खाला नाई, ते अळ्यावाली म्याडमबी नाई. हिरव्या साडीत एकटीच बसेल हाय. सोमवारीबी अशीच एकटी राह्यशीन."

संगीता आमच्याकडे बघत होती. आम्ही दोघी तिच्या समोर, हाताच्या अंतरावर म्हणावं इतक्या जवळ बसलेलो. फोन बंद झाला.

खाला अगदी हळू म्हणाली. "म्याडम, तुमी अठी बसल्या हाय ना?"

"हो."

"अन मीबी बसली हाय."

"हो खाला."

"मंग त्याले आपन काऊन नाई दिसलो?"

तिनं मान वर केली. आमच्या डोक्याच्या बरोबर वर तो कॅमेरा होता. त्याला सगळी गॅलरी दिसत होती. दिसत नव्हती ती फक्त त्याच्या पायाखालची पेटी. खालाचा चेहरा मी तोवर अनेकदा रागावलेला पाहिला होता, थकलेला पाहिला होता. त्या क्षणी तो नुसता पांढरा पडला.

इरफानला बोलावलं. तो पहिल्या पायरीशी उभा राहिला आणि खाला जिन्यातून खाली वाकून त्याच्याशी बोलली. त्यानं फोनवर काहीतरी उघडून पाहिलं, मग बाजूला जाऊन त्या कॅमेरेवाल्या पोराला फोन लावला. परत आला तेव्हा त्याला आईकडे बघवेना.

"पासवर्ड कंपनीचाच राह्यला अम्मी. बदलाचा राहून गेला. त्या पोरानं सगळ्या बाजारात तोच ठेवला."

"म्हंजे काय?"

"म्हंजे ज्याले मालूम हाय तो कुठूनबी पाहू शकते. बियान्यावाल्याच्या दुकानातबी त्यानंच बसवले."

खाला म्हणाली, "पन मी तं टीव्हीवर कपडा टाकत होती."

मला त्या माऊलीकडे पाहून भडभडून आलं. जिथं आजवर एका पुरुषाची नजर पोचली नव्हती, तिथंच तिनं राखणीसाठी म्हणून डोळा बसवला होता, आणि तो सगळ्या गावाला उघडा होता.

मी वायर उपटायला उठले. खालानं माझा हात धरला. "थांबा. आता काढली तं त्याले समजते. मंग ते लोकं दारात येऊन बसतीन." ते दारात बसलेलेच होते. समोरच्या चहाच्या टपरीवर सकाळपासून दोघे मोटारसायकल लावून बसले होते आणि त्यांचा चहा संपत नव्हता. ज्याला जीपमधून फिरवून आणलं तो हमाल आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता.

खालानं संगीताला खोलीत नेलं, तिथवर डोळा पोचत नव्हता. "आता सांग. बोलाचं हाय का नाई? नसंल बोलाचं तं मी स्वता तुले तुह्या मायच्या दारी नेऊन सोडते. कोनी तुले नाव नाई ठेवत."

संगीतानं आपले तळहात उलटेसुलटे करून पाहिले. मग म्हणाली, "बोलाचं हाय."

त्यानंतरची संध्याकाळ मी विसरणार नाही. कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, असं ठरलं होतं. कधी करून पाहा. पाठीला कोणाची तरी बोटं लागल्यासारखं वाटतं. मी धुतलेले कपडे दोरीवर टाकले आणि मला ते परत उचलून खोलीत न्यावेसे वाटले. शेजारच्या खोलीतली एक बाई काही माहीत नसल्यानं नळावर तोंड धुवायला पदर खोचून उभी राहिली. खाला लगबगीनं गेली आणि काहीतरी निमित्त काढून तिला आत घेऊन आली. संध्याकाळभर ती हेच करत होती, एकेकीला हाताला धरून त्या नजरेतून बाजूला काढत होती.

मग ती खाली पडवीत गेली. मी वरून ऐकलं. "रामदास, मी चुकली. तू नाई बोलला. मीच बोलली, त्या मशीनच्या तोंडानं." रामदासनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. ती म्हणाली, "उद्या पोरीले कोर्टात पोचवा लागते. तुह्याशिवाय कोनावर भरवसा नाई माह्या." तो म्हणाला, "किती वाजता, भाबी?"

सोमवारी सकाळी खाला बाहेर जायच्या तयारीनं, बुरखा घालून, वर आली आणि संगीताच्या खोलीत गेली. मी आधीच आत होते. संगीतानं हिरवी साडी उतरवली, बुरखा घातला. खालाला मी साडी नेसवली. तिनं आयुष्यात साडी नेसली नव्हती, आणि ती संगीतापेक्षा उंच असल्यामुळे साडी घोट्याच्या वर राहत होती. "वाकून चाला," मी म्हटलं.

एक गोष्ट मला तेव्हाच कळली. खालाचा घरात एकही फोटो नव्हता. आधार कार्डासाठी ती केंद्रावर फोटो काढणारी बाई येईपर्यंत परत परत हेलपाटे घालत राहिली होती. पुरुषाच्या हातून फोटो काढून घेणं तिला नको होतं. परक्या पुरुषानं आपल्याला वाटेल तेवढा वेळ न्याहाळत बसावं, ही कल्पनाच तिला सहन होत नसे. आणि आज ती आपण होऊन त्या डोळ्यापुढे जाऊन बसणार होती.

बुरख्यातली संगीता बाहेर पडली आणि खालासारखी ताठ चालत जिना उतरली. अंगणात रामदास पिशवी घेऊन उभा होता. टपरीवरच्या दोघांनी मान वर केली, खाला बाजारात निघाली असं समजून पुन्हा चहाकडे वळले. मी गॅलरीच्या दुसऱ्या टोकाच्या माझ्या खोलीत गेले आणि दार किलकिलं ठेवलं. मग हिरव्या साडीतली खाला बाहेर आली, कॅमेऱ्याकडे पाठ करून खुर्चीत बसली, डोक्यावर पदर, हात पदरात. तिचा चेहरा माझ्याकडे होता.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. आणि मग तिच्या मांडीवर ठेवलेला संगीताचा फोन वाजला.

तिनं माझ्या दाराकडे पाहिलं. उचलला नाही तर त्याला संशय येणार. उचलला आणि बोलली तर आवाज कळणार. तिनं फोन स्पीकरवर घेतला आणि गप्प राहिली.

"गेली नाई ना? शहानी हायस," तो आवाज म्हणाला. "बस तशीच. दुपारची बस धर अन घरी जाय. समजलं काय?"

खाला गप्प.

"बोलाचं नाई? बरं, नोको बोलू. समजलं असंल तं मान हालव."

खालानं डोळे मिटले. एका क्षणानं तिनं मान हलवली, हळू, खालीवर. तिच्या बंद डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायला तिनं हात वर केला नाही, कारण तो म्हाताऱ्या बाईचा हात होता आणि पलीकडून तो दिसला असता.

"हां," तो माणूस समाधानानं म्हणाला आणि फोन बंद झाला.

ती तशीच बसून राहिली. जिन्यावर किटलीचं झाकण वाजलं तेव्हा उठली. रामदास परत आला होता, संगीता कोर्टाच्या आत वकिलांपाशी होती. खाला पेटीपाशी गेली, पेटीवर चढली, आणि भिंतीतून ती वायर स्वतःच्या हातानं ओढून काढली.

संगीता बोलली. मान वर करून बोलली, आणि गोदामाचं कुलूप कुठल्या रंगाचं होतं इथपर्यंत सांगितलं, असं वकील म्हणाले. त्या संध्याकाळी ती खालाच्या गळ्यात पडून रडली. केस पुढे जशी चालायची तशी चालली, कोर्टांचं आपल्याला ठाऊकच आहे. पण त्या दिवशी ती केस कोसळली नाही.

आम्हाला वाटलं, आता खाला सुटली. ती सुटली नव्हती. वकिलांना तिनं एकच विचारलं, "ह्या एकीले पाह्यलं ते समजलं. बाकीच्याइले कोनं पाह्यलं?" वकिलांनी खरं ते सांगितलं, की असा उघडा कॅमेरा जगात कुठूनही कोणीही बघू शकतो, कोणी बघितला आणि काय काय उतरवून ठेवलं हे आता कळायचं नाही. खालानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं ठरवलं, त्या दोन महिन्यांत जी जी बाई वर राहून गेली तिला हे सांगायचं. जिचा फोन होता तिला फोन करून, नाही तिला परत येईल तेव्हा.

इरफान गयावया करायला लागला. "काऊन सांगून राह्यली अम्मी? कोनाले मालूम हाय? धंदा बसते आपला."

"बसू दे," ती म्हणाली. "त्याइचं हाय ते, त्याइले मालूम पडाले पायजे. माह्याजवय लपवून ठेवाचा मले हक नाई."

धंदा बसलाच. वरच्या खोल्या एकेक करून रिकाम्या राहायला लागल्या. गावात दोन्ही प्रकारचं बोललं गेलं. मला तिचा राग यायचा, तिच्या हट्टाचा, आणि त्याच वेळी तिच्या पायांवर डोकं ठेवावंसंही वाटायचं.

हंगाम संपला, माझी पाहणी संपली. निघायच्या सकाळी मी रिक्षात सामान ठेवत होते, तेव्हा एक तरुण बाई कडेवर लेकरू घेऊन दारातून आत आली. मी तिला ओळखलं. दिवाळीनंतर ती काही दिवस राहून गेली होती, नवऱ्याला दवाखान्यात ठेवलं होतं म्हणून. खालाला पाहून ती हसली आणि चावीसाठी हात पुढे केला. खालानं चावी दिली नाही. ती गल्ल्यावरून उठली, तिच्यासमोर उभी राहिली आणि सांगायला लागली. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही, स्वतःला सोडवून घेणारा एक शब्द मध्ये घातला नाही.

ती बाई ऐकत राहिली. मग विचारलं, "म्हंजे, मी वर लेकराले पाजत बसायची, ते?"

"हाव माय. तेबी."

"कोनं पाह्यलं?"

"ते मले सांगता येत नाई."

बाईनं लेकराच्या अंगावर पदर ओढून घेतला, भर सकाळी, उन्हात. तिनं शिवी दिली नाही, रडली नाही. पिशवी उचलली आणि स्टँडच्या दिशेनं निघून गेली. खालानं तिला हाक मारली नाही, थांब म्हणाली नाही. ती नुसती बघत राहिली, ती बाई कोपऱ्यावरून वळेपर्यंत.

रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला. मी बसले. वळून पाहिलं तेव्हा दारात दुसरी एक बाई पिशवी खाली ठेवत होती, आणि खाला तिला म्हणत होती, "आदी ऐकून घे बाई, मंग चावी माग."